उन्हाला पारखा झालेला मास्तर

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याआधीची पाच वर्षे त्याने पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत काढली होती. शेजारच्याच्या कोपराला कोपर लागेल इतक्या दाटीने मांडलेली टेबले, डोक्यावर करकरणारा पंखा, मेसचा डबा आणि समोर राज्यघटनेवरचे जाडजूड पुस्तक. दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन हात हलवत परत आला, तिसऱ्यांदा निवड झाली आणि मसुरीच्या लालबहादूर शास्त्री राष्ट्रीय प्रशासन अकादमीत रुजू झाला. आमच्या ताईला वाटले, सुटले एकदाचे पोराचे हाल. तर दोन महिन्यांत त्याचा फोटो आला. हिमालयातली कुठलीशी उभी चढण, पाठीवर भलीमोठी पिशवी, सोललेले नाक आणि ओले बूट. ताईने तो फोटो माझ्यापुढे धरला आणि विचारले, की एवढी परीक्षा पास झाल्यावर ही शिक्षा कशाबद्दल? साहेब व्हायला निघालेल्या मुलाला हमालासारखे ओझे वाहायला लावून सरकारला काय मिळते?

मसुरीच्या पायाभूत अभ्यासक्रमात हिमालयातला आठ-दहा दिवसांचा ट्रेक असतो, पुढे खेड्यात जाऊन राहणेही असते. हे सगळे मी ताईला सांगितले. पण तिचा प्रश्न माहितीचा नव्हताच. ज्याला उद्या लोकांची कामे करायची आहेत, त्याला आज डोंगरात आणि समुद्रावर नेऊन काय साधते, हा तिचा प्रश्न होता. आणि गंमत अशी, की याच एका प्रश्नाला सारे आयुष्य वाहिलेला एक मनुष्य विसाव्या शतकात होऊन गेला. कुर्ट हान त्याचे नाव. जगभर आज ज्याला साहस-शिक्षण म्हणतात, त्याचा उगम शोधत मागे गेले की हे नाव हमखास भेटते.

कुर्टचा जन्म ५ जून १८८६ रोजी बर्लिनमध्ये, एका सधन ज्यू कारखानदाराच्या घरी झाला. त्या काळातल्या जर्मन शाळा म्हणजे घोकंपट्टी आणि शिस्तीचा बडगा. १९०२ साली, सोळाव्या वर्षी, तो आल्प्सच्या बाजूला पायी भटकायला गेला असताना त्याची गाठ इंग्लंडमधल्या ॲबट्सहोम नावाच्या शाळेतल्या मुलांशी पडली. ही मुले आपल्या शाळेविषयी प्रेमाने बोलत होती! शाळेविषयी असे कुणाला बोलता येते, हेच या बर्लिनच्या मुलाला नवल वाटले. त्या शाळेवर एका जर्मन शिक्षकाने, हेर्मान लीट्झ याने, लिहिलेले पुस्तक त्याच्या हाती आले आणि शाळा हा विषय त्याच्या डोक्यात जाऊन बसला तो कायमचा.

दोनच वर्षांनी, १९०४ साली, त्याला जबर उष्माघात झाला. मैदानी खेळांची आवड असलेला अठरा वर्षांचा तरुण महिनोन्महिने अंधाऱ्या खोलीत पडून राहिला. जिवावरचे दुखणे गेले, पण ऊन त्याला जन्मभर सोसले नाही. पुढची कित्येक वर्षे मोठ्या काठाची टोपी घातल्यावाचून हान उन्हात बाहेर पडत नसत आणि उन्हाळा आला, की थंड हवेसाठी उत्तर स्कॉटलंडमधला मोरे हा समुद्रकाठचा प्रदेश गाठत. त्या अंधाऱ्या खोलीतच त्यांनी आपल्या मनातल्या शाळेचा आराखडा रचायला घेतला. हजारो मुलांना उघड्या आभाळाखाली धाडणाऱ्या माणसाला स्वतःला आभाळाखाली मोकळेपणाने उभे राहता येत नव्हते, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत बोलके वळण वाटते. शरीर धडधाकट असणे म्हणजे काय, हे ज्याच्या हातून ते निसटले त्याला जितके कळते, तितके तालीमबाजाला कळत नसावे.

ऑक्सफर्डला आणि जर्मनीतल्या निरनिराळ्या विद्यापीठांत शिकूनही हान यांनी पदवीची फारशी फिकीर केली नाही. पहिल्या महायुद्धात ते जर्मन परराष्ट्र खात्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रे वाचून त्यांचा अर्थ लावण्याचे काम करीत. युद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १९१८ मध्ये, बाडेनचे राजपुत्र मॅक्स हे कैसरच्या साम्राज्याचे शेवटचे चॅन्सेलर झाले. हान त्यांचे सल्लागार आणि खासगी चिटणीस. जेमतेम पाच आठवडे ते सरकार टिकले. पराभव, उपासमार, क्रांती आणि संधिपत्र हे सगळे हान यांनी अगदी जवळून पाहिले. मोठ्या हुद्द्यांवरची हुशार माणसे ऐन वेळी कशी कच खातात, हेही पाहिले. जे योग्य वाटते ते करण्याची हिंमत पुस्तकी हुशारीबरोबर आपोआप येत नाही, हा त्यांच्या पुढच्या साऱ्या उद्योगाचा पाया इथे घातला गेला, असे मला वाटते.

राजकारणातून बाहेर पडून या दोघांनी १९२० साली शाळा काढली. कॉन्स्टन्स सरोवराजवळ झालेम इथे राजपुत्राचा वाडा होता, मुळातला सिस्टर्शियन जोग्यांचा मठ. त्याच्या एका भागात मूठभर मुलांवर शाळा सुरू झाली. मुले आणि मुली एकत्र, ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट होती. सरदार-उमरावांच्या मुलांबरोबर साध्या घरातली मुले असत. श्रीमंतांच्या मुलांना श्रीमंतीच्या ओझ्यातून मोकळे केले पाहिजे, असा हान यांचा आग्रह होता. अभ्यास होताच, पण त्याच्या बरोबरीने धावणे, उड्या, सुतारकाम, बागकाम आणि डोंगरातल्या दूरच्या मोहिमा. आणि एक मजेदार पद्धत होती. प्रत्येक मुलाकडे एक तक्ता असे. आज सकाळी धावलो का, थंड पाण्याने अंघोळ केली का, ठरवलेले काम झाले का, याची खूण रात्री मुलानेच करायची. शिक्षक तो तक्ता तपासत नसे. खोटी खूण केली तर ती फक्त करणाऱ्याला ठाऊक! आपल्याकडे गृहपाठाच्या वहीवर पालकांची सही मागणाऱ्या शाळा पाहिल्या, की मला या तक्त्याची आठवण येते.

इथवरची कहाणी एखाद्या छांदिष्ट, ध्येयवादी हेडमास्तरची झाली. तिला धार येते ती पुढे.

१९३० च्या सुमारास जर्मनीत मुलांना रानावनात नेणारे हान एकटे नव्हते. तंबू, शेकोट्या, समूहगीते, पाठीवर पिशव्या लादून केलेली कूच हे सगळे हिटलरच्या युवक संघटनेतही होते, आणि किती तरी मोठ्या प्रमाणावर होते. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही छावण्या सारख्याच दिसल्या असत्या. तीच काटक, उन्हाने रापलेली, आज्ञाधारक मुले. मग फरक कुठे होता? ऑगस्ट १९३२ मध्ये तो फरक दाखवण्याची वेळ आली. सायलेशियातल्या पोटेम्पा गावात नाझी वादळी दलाचे लोक रात्री एका कम्युनिस्ट मजुराच्या घरात शिरले आणि त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्याला तुडवून मारले. न्यायालयाने पाच जणांना फाशी सुनावली. हिटलर तेव्हा सत्तेवर यायचा होता. त्याने तार करून या खुन्यांना उघड पाठिंबा दिला. हान यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिले. वादळी दलात किंवा एस. एस. मध्ये जे कुणी असतील, त्यांनी एक तर हिटलरशी नाते तोडावे, नाही तर झालेमशी. दोन्ही एकाच वेळी चालणार नाही, असे त्यांनी बजावले.

हे पत्र लिहिणारा माणूस ज्यू होता आणि शाळा चालवत होता, हे ध्यानात घेतले तर त्याची किंमत कळते. मोठमोठे प्राध्यापक आणि न्यायाधीश तेव्हा वारा कुठून वाहतो ते पाहत बसले होते. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये चॅन्सेलर झाला आणि मार्चमध्ये हान तुरुंगात गेले. ब्रिटनमधल्या मित्रांनी खटपट केली, खुद्द पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी रदबदली केली, तेव्हा सुटका झाली. पण बाडेनमध्ये पाऊल ठेवायला बंदी आली. जुलैत त्यांनी देश सोडला. सत्तेचाळीस वर्षांचा, प्रकृतीने अधू, हातातली शाळा गेलेला हेडमास्तर परक्या देशात उतरला.

गेला तो थेट ओळखीच्या मोरे प्रदेशात. १९३४ साली तिथे गॉर्डनस्टनची शाळा उभी राहिली. झालेमहून आलेला ग्रीसचा एक राजपुत्र पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होता. तोच पुढे राणी एलिझाबेथचा पती प्रिन्स फिलिप झाला. पण राजपुत्रापेक्षा मला तिथल्या किनाऱ्यावरच्या चौकीचे अधिक अप्रूप वाटते. वादळी रात्री तटरक्षकांच्या मदतीला शाळेची मुले पाळीपाळीने समुद्रावर पहारा करीत. एखादे गलबत संकटात दिसले तर कळवायचे. हा लुटुपुटीचा खेळ नव्हता. मुलगा झोपला तर बाहेर खरी माणसे बुडण्याची शक्यता होती. हिटलरच्या छावण्यांना हान यांचे उत्तर हे होते. मुलाला काटक करायचे ते दुसऱ्याला मारण्यासाठी की वाचवण्यासाठी, एवढ्यावर सगळे अवलंबून आहे. युद्धात तरुणांना जी धुंदी चढते, तिला तोडीस तोड असा नैतिक पर्याय शोधला पाहिजे, असे अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स यांनी पूर्वीच सुचवले होते. तो पर्याय जीव वाचवण्याच्या कामात आहे, असे हान यांनी ठरवून टाकले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. लष्कराने गॉर्डनस्टनच्या इमारती ताब्यात घेतल्या आणि १९४० साली शाळेला वेल्समध्ये जावे लागले. इथे त्यांची गाठ लॉरेन्स होल्ट या जहाजमालकाशी जुळली. होल्ट यांच्या ब्लू फनेल कंपनीची जहाजे अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या बुडवीत होत्या. होल्ट यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली होती. जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होड्यांत तग धरून राहत ते बरेचदा शिडाच्या जहाजांवर उमेदवारी केलेले जुने खलाशी. त्यांच्यापेक्षा तरुण आणि दणकट पोरे आधी धीर सोडत. अंगातली ताकद दोघांकडे होती, मग कमी काय पडत होते? त्यांना वाटले, की वारा-पाणी अंगावर घेण्याची सवय आणि आपण यातून निभावू हा भरवसा.

४ ऑक्टोबर १९४१ रोजी वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरडव्ही गावी या दोघांची शाळा सुरू झाली. नाव होल्ट यांनी दिले, आउटवर्ड बाउंड. बंदर सोडून खोल समुद्राकडे निघालेल्या जहाजाला खलाशी असे म्हणतात. अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा, राहणे-जेवण तिथेच. मुले कोण होती? ब्लू फनेलचे उमेदवार, कॉनवे या प्रशिक्षण जहाजावरचे विद्यार्थी, पोलीस आणि अग्निशमन दलात जाऊ पाहणारे कॅडेट, कारखान्यांतले शिकाऊ कामगार, आणि काही दिवसांत सैन्यात भरती व्हायचे होते असे तरुण. आपल्या भाषेत सांगायचे तर सार्वजनिक सेवेच्या उंबरठ्यावर उभी असलेली सगळी जमात.

त्यांना तिथे काय करावे लागे? छोट्या होड्या हाकणे, नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी मुलखात वाट काढणे, धावण्या-उड्यांत स्वतःचाच कालचा आकडा मोडणे, बुडत्याला आणि जखमीला सोडवण्याचे शिक्षण, शेवटी एक समुद्रमोहीम आणि डोंगररांगा ओलांडणारी एक लांब पायपीट. शिवाय गावातल्या लोकांची पडतील ती कामे. पोलीस व्हायला निघालेला पोरगा आणि श्रीमंत शाळेतला पोरगा एकाच दोराला बांधलेले. आपल्या मागच्याचा पाय घसरला तर आपण थांबायचे, हे तिथे भाषणातून शिकवावे लागत नसे.

हान यांच्यावर टीकाही भरपूर झाली आणि ती सगळीच चुकीची नव्हती. राजेरजवाडे, बिशप आणि ॲडमिरल यांच्यात ते फार रमत. मुलांच्या मनाची ठेवण निरनिराळी असते, एखाद्या हळव्या मुलाला थंड पाण्याची अंघोळ आणि दांडगाई करणारे सोबती जन्माची अढी देऊन जातात, हे त्यांच्या उत्साहाला पुरेसे दिसले नसावे. फिलिप यांचे चिरंजीव चार्ल्स साठच्या दशकात गॉर्डनस्टनला होते, तोवर हान निवृत्त झाले होते. पण तिथले दिवस चार्ल्स यांना सुखाचे गेले नाहीत, हे जगजाहीर आहे. झालेममध्ये पहिल्यापासून असलेल्या मुलींना गॉर्डनस्टनचे दार १९७२ साली उघडले, हेही कोड्यात टाकणारे.

आणि धोक्याचे काय? हा प्रश्न आईबापांचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला लाइम उपसागरात प्लिमथच्या शाळेतली चार मुले खासगी साहस-केंद्राच्या सहलीत छोट्या नावा उलटून मरण पावली. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या संचालकाला तुरुंगात जावे लागले आणि १९९५ साली अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. जिथे वाचवायला शिकवायचे, तिथेच वाचवणारा हजर नव्हता. आपल्याकडे दर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या धबधब्यांवर आणि गडकिल्ल्यांवर होणारे अपघात पाहिले, की वाटते, साहस विकत घेणे सोपे झाले आहे; त्यामागची हान यांची काळजी मात्र त्या पाकिटात मिळत नाही.

युद्धानंतर त्यांचे काम फांद्या फुटाव्या तसे वाढले. १९५० साली इंग्लंडमध्ये एस्कडेल इथे डोंगरातली शाळा झाली. मोरे भागातल्या मुलांसाठी त्यांनी तीसच्या दशकात सुरू केलेल्या एका बिल्ल्यातून १९५६ साली ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार योजना आकाराला आली. तिची धुरा पहिल्यांदा सांभाळली ती १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते जॉन हंट यांनी. १९६१ साली केनेडींनी पीस कोअर काढली, तेव्हा परदेशी खेड्यांत सेवेला जाणाऱ्या तरुणांना आधी पोर्टो रिकोच्या जंगलातल्या छावणीत आउटवर्ड बाउंडच्या धर्तीवर तयार करण्यात आले. शाळामास्तर, नर्स आणि शेतीतज्ज्ञ कडे चढत होते. त्यातल्या अनेकांनी आमच्या ताईसारखाच प्रश्न विचारला असणार.

हान स्वतः १९५३ साली आजारपणामुळे गॉर्डनस्टनच्या मुख्याध्यापकपदावरून उतरले होते. पण स्वस्थ बसले नाहीत. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांचे लष्करी अधिकारी नाटोच्या विद्यालयात शेजारी बसून शिकत आहेत, हे त्यांनी पाहिले आणि त्यांना वाटले, हेच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी का करू नये? त्यातून १९६२ साली वेल्सच्या किनाऱ्यावर सेंट डोनट्सच्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज निघाले. देशोदेशींची मुले, वर्गात अभ्यास आणि दुपारी समुद्रावर जीवरक्षकाचे काम. तिथले पहिले मुख्याध्यापक, निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होर, आणि त्यांचे विद्यार्थी यांनी बचावकार्यासाठी एक नवी होडी घडवली. तळ टणक आणि कडा हवेने फुगवलेल्या. किनाऱ्यावर आदळली तरी फुटत नाही, माणसाला पाण्यातून ओढून घेणेही सोपे. जगभरचे किनारा-बचाव पथक आज असल्या होड्या वापरते. त्या शाळेच्या कुळातले एक कॉलेज १९९७ पासून पुण्याजवळ, मुळशी खोऱ्यातल्या डोंगरावर उभे आहे. पौडवरून पुढे जाताना उजवी-डावीकडे पाहणाऱ्या कितीजणांना त्या वास्तूचे मूळ एका अंधाऱ्या खोलीत आहे, हे ठाऊक असेल?

चार आठवड्यांत माणूस बदलतो का, याचा अभ्यास पुढे विद्वानांनी केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा कार्यक्रमांवरचे ९६ अभ्यास एकत्र तपासले गेले. शिबिर संपल्यावर ओसरून जाईल असे वाटणारा आत्मविश्वास बराचसा टिकतो, असे त्यात दिसले. मात्र सगळ्या शिबिरांना एका मापाने मोजता येत नाही, थोडे दिवस चालणारी फारसे काही देत नाहीत. म्हणजे दोन दिवसांची सहल काढून नेतृत्वगुणांचे प्रमाणपत्र वाटणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे.

हान अखेरच्या दिवसांत जर्मनीला, झालेमच्या परिसरातच परतले. ज्या मुलखात पाऊल टाकायला त्यांना बंदी होती, तिथेच १४ डिसेंबर १९७४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. लग्न केले नव्हते. झालेमलाच त्यांचे दफन झाले.

भाचा दिवाळीच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा ही सारी कथा मी त्याला ऐकवली. त्याने कुर्ट हान हे नाव ऐकले नव्हते. ताईने त्याच्या पायाच्या अंगठ्याचे काळे पडलेले नख पाहून हळद-तेल गरम करायला घेतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. तो नुसता हसला. रात्री गच्चीवर आम्ही दोघेच होतो, तेव्हा म्हणाला, की पाचव्या दिवशी पावसात त्याला चालवेना. दोन तास त्याची पिशवी दुसऱ्या एका मुलाने आपल्या पिशवीवर टाकून वाहिली. अभ्यासिकेत पाच वर्षे शेजारी कोण बसतो, हे आपण मान वर करून पाहिले नव्हते, असेही तो म्हणाला. मी विचारले, तो मुलगा कोण? त्याचे नाव सांगण्याआधी भाच्याने सवयीने त्याचा निकालातला क्रमांक सांगितला. याच्याहून तीनशेने खाली होता.